देव मोठा की दश्शी?

नव्वदच्या दशकात शाळेत ‘ट्रम्प कार्ड’ची साथ आली होती. कुस्तीगिराचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, किती लढती, कितवा नंबर. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचं कार्ड ओढायचं. त्या वर्षीच्या मे महिन्यात मी आणि मामेभावाने जुन्या लग्नपत्रिका कापून महाभारताचा कॅट तयार केला. भीमाची ताकद ९५. दुर्योधनाची ९३, आणि या दोन गुणांवरून आमचं बोलणं दीड दिवस बंद. कृष्णाला मात्र सगळीकडे १००, त्यावर वाद नव्हता. जेवणं झाल्यावर खेळायला बसलो आणि चहा व्हायच्या आत खेळ मेला. कृष्ण ज्याच्याकडे जाईल तो जिंकणार, एवढंच त्यात उरलं होतं. मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “अरे, कृष्ण लढला कुठे? त्याच्यापुढे ताकद लिहिताच कशाला?”

पुराणकथांवरून पत्त्यांचे खेळ रचणाऱ्या सगळ्यांना गेली तीस वर्षं हाच प्रश्न छळतो आहे. देवाचं कार्ड देवासारखं वाटलं पाहिजे. नाहीतर त्यावर देवाचं चित्र काढायचं कशाला? आणि ते खरोखरच देवाइतकं बलवान केलं, तर बाकीची कार्डं रद्दीत जातात. खेळणारे पहिल्या बाजूला ‘फ्लेवर’ म्हणतात, दुसरीला ‘पॉवर’. या दोघांना तराजूच्या दोन पारड्यांत घालायची पद्धत आहे: इकडे थोडं वाढलं की तिकडे थोडं कमी करा. मला हा तराजूच खोटा वाटतो. ज्या कार्डांनी दोन्ही साधलं, त्यांनी कथा आकड्यात कोंबली नाही, नियमात उतरवली. आणि जिथे फसलं तिथे बहुतेक वेळा आमच्या लग्नपत्रिकेसारखं झालं.

या प्रकारच्या खेळांची सुरुवात १९९३ सालची. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या पीएचडीवाल्या माणसाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ काढला. प्रत्येकाने आपापली कार्डं विकत घ्यायची, त्यांतून स्वतःचा डेक बांधायचा आणि समोरच्याशी भिडायचं. प्रत्येक कार्डाला किंमत असते, ती ‘माना’ नावाच्या, वेगवेगळ्या रंगांच्या जादुई इंधनात मोजायची. बदल्यात मिळतो एखादा प्राणी किंवा मंत्र. म्हणजे दरेक कार्ड ही खरेदीच: इतक्या मानात इतकी ताकद. घासाघीस तिथूनच सुरू होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गारफिल्डने पहिला जोडसंच आणला, ‘अरेबियन नाइट्स’. अलिबाबा, अल्लाउद्दीन, दिवा, सगळी मंडळी हजर. त्यातलं एक कार्ड आजही या विषयावरच्या कुठल्याही गप्पांत निघतं: ‘शहरझाद’, सुलतानाला रात्रीमागून रात्र गोष्ट सांगणारी. ते खेळलं की चालू डाव तिथेच थांबवायचा, उरलेल्या पानांनी एक नवा छोटा डाव मांडायचा, तो संपवायचा आणि मग मूळ डावाकडे परत यायचं. छोट्या डावात जो हरेल त्याचा निम्मा जीव जातो. आतल्या डावात दुसरी शहरझाद निघाली तर त्याच्याही आत आणखी एक डाव. गोष्टीत गोष्ट, त्या गोष्टीत आणखी गोष्ट, आणि पहाट काही होत नाही! कथेचं इतकं चोख भाषांतर नियमात क्वचितच झालं असेल. कार्ड ताकदवान वगैरे मुळीच नव्हतं. तरी अधिकृत स्पर्धांतून त्याच्यावर बंदी आली, कारण घड्याळ नावाची तिसरी गोष्ट असते आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये सुलतानाएवढा वेळ कोणाकडे नसतो. हे कार्ड फसलं असं मला म्हणवत नाही. ते आपल्या जागी बरोबर होतं, टेबल चुकीचं होतं.

खरी कसोटी लागली देवांच्या वेळी. २०१३ साली मॅजिकने ग्रीक पुराणांवर बेतलेला ‘थेरॉस’ हा संच काढला. सूर्याचा हेलिओड, समुद्राची थॅसा, पाताळाचा एरेबॉस, भट्टीचा पुरफोरॉस, अरण्याची निलेया. नावं बदललेली, पण मागचे झ्यूस, पॉसायडन, हेडीस लपत नाहीत. आता हे अमर देव कार्डावर कसे आणायचे? अमर म्हणजे नियमात ‘नष्ट करता येत नाही’, तिथवर सोपं. मग समोरच्याने करायचं काय? रचणाऱ्यांनी यावर काढलेली वाट मला आजही मोह घालते. त्या दुनियेत देव आहेत ते माणसं त्यांना मानतात म्हणून. तेव्हा देवाचं कार्ड टेबलावर आलं तरी तो लगेच देहाने उतरत नाही. टेबलावरच्या तुमच्या सगळ्या कार्डांच्या किमतीत त्या देवाच्या रंगाची चिन्हं किती आहेत ते मोजायचं. याला नाव दिलं ‘डिव्होशन’, भक्ती. पाच भरली की देव उभा राहतो. भक्त मेले, मोजणी चारवर आली, की तो पुन्हा अदृश्य.

थॅसाचं कार्ड जवळून बघू. किंमत फक्त तीन माना. एवढ्यात पाच-पाचचा, म्हणजे मारा पाच आणि दम पाच असलेला प्राणी एरवी मिळत नाही, आणि वर हिला मारता येत नाही. देहाने नसतानाही दर फेरीला ती तुम्हाला गठ्ठ्यातलं वरचं पान डोकावून बघू देते. नको असेल तर तळाशी सारा. समुद्र तळातून खुणावतो आहे असं काहीसं. पण ती लढावी असं वाटत असेल तर सगळा डेकच निळा बांधावा लागतो, निळी चिन्हं ठासून भरलेली लहानसहान माणसं गोळा करावी लागतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये डब्लिनला झालेली मोठी व्यावसायिक स्पर्धा फ्रान्सच्या जेरेमी देझानीने अशाच निळ्या भक्तीच्या डेकवर जिंकली. म्हणजे केवळ बक्षिसासाठी बसलेला, ज्याला ग्रीक देवांशी काही देणंघेणं नाही असा खेळाडूही नकळत पुजाऱ्यासारखा वागत होता: भक्त जमव, मोजणी सांभाळ, देवीला जागी ठेव. ताकद वापरायची तर कथा जगावीच लागत होती. विठोबाच्या देशातल्या वाचकाला भक्तावाचून देव अडतो हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रत्येक देवाला मात्र हे भाग्य लाभलं नाही. देवांचा राजा म्हणावा असा हेलिओड स्पर्धांत थॅसाच्या कितीतरी मागे राहिला. तो २०२० च्या नव्या संचात पुन्हा आला तेव्हा ‘वॉकिंग बॅलिस्टा’ नावाच्या एका यंत्राशी त्याची अशी जोडी जमली की न संपणारा मारा सुरू व्हायचा. शेवटी ‘पायोनियर’ या प्रकारात बंदी आली ती यंत्रावर. देव सुटला!

थेरॉसमधलं माझं लाडकं कार्ड मात्र देवाचं नाही, ट्रॉयच्या घोड्याचं आहे. ‘अक्रोअन हॉर्स’. चार मानाचा लाकडी घोडा. टेबलावर आला की आपोआप समोरच्याच्या ताब्यात जातो, आणि मग त्याच्या दर फेरीला तुम्हाला एक शिपाई मिळत राहतो. आपण होऊन दिलेली भेट, आणि तिच्या पोटातून निघणारी तुमची माणसं. नियम वाचता वाचता वाचणाऱ्याला हसू फुटतं. स्पर्धेत त्याला फारशी जागा मिळाली नाही. पण मॅजिकचे ज्येष्ठ डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी खेळणाऱ्यांचे जे ठसे पाडले आहेत, त्यांत जिंकण्यासाठी खेळणारा ‘स्पाइक’ हा एकटाच नाही. भव्य काहीतरी घडावं म्हणून खेळणारा टिमी आहे, आपली करामत दाखवायला खेळणारा जॉनी आहे. पुढे कथेसाठी जीव टाकणाऱ्यालाही ‘व्हॉर्थोस’ असं नाव पडलं. घोडा त्यांच्यासाठी होता. सगळी कार्डं सगळ्यांसाठी नसतात हे कळायला या धंद्याला बरीच वर्षं लागली.

कथेच्या नादात ताकद विसरली तर काय होतं, त्याचा धडा त्याआधी २००४ मध्येच मिळाला होता. जपानी लोकश्रद्धेवरचा ‘कामिगावा’ हा संच. जपानी परंपरेत ऐंशी लाख कामी असतात म्हणतात, आपल्या तेहेतीस कोटींसारखाच तो आकडा. माणसांचं देवांशी युद्ध पेटलं आहे अशी कथा, आणि ती रचणाऱ्यांनी मनापासून रंगवली होती. पण नियम असे की कामिगावाची कार्डं कामिगावाच्याच कार्डांबरोबर चालावीत, बाहेरच्यांशी त्यांचं गोत्र जुळेना. आदल्या ‘मिरोडिन’ संचाची ताकद इतकी अफाट होती की त्यातल्या कार्डांवर मार्च २००५ मध्ये बंदी घालावी लागली, आणि त्याच्या शेजारी हे कामी अगदीच मवाळ दिसले. गंमत पुढे आहे. या देवादिकांच्या मालिकेत सर्वांत भारी ठरलं काय? ‘उमेझावाचा जिट्टे’. जिट्टे म्हणजे एडो काळातल्या जपानी पोलिसांचं तलवारवाल्यांना जेरबंद करायचं आखूड लोखंडी हत्यार. म्हणजे ऐंशी लाख कामी एका बाजूला आणि हवालदाराचा दंडुका दुसऱ्या बाजूला, आणि जिंकला दंडुका.

उलट टोकाला ओको. २०१९ च्या परीकथांवरच्या संचातला हा ठकसेन. कुणालाही बोट लावून सांबरासारखं जनावर करून टाकतो. परीकथेत शोभेल अशीच खोडी. पण ती इतकी स्वस्त आणि इतक्या वेळा करता येई की समोरच्याने काहीही आणावं, राक्षस, राजकन्या, जादूची कढई, पुढच्या फेरीला ते तीन-तीनचं सांबर. दीड महिन्यात मुख्य स्पर्धाप्रकारातून त्याची हकालपट्टी झाली, मग एकेक करून इतर प्रकारांतूनही. जास्त ताकदीने खेळ एकतर्फी होतो ही नेहमीची तक्रार झाली. ओकोने त्याहून मोठं नुकसान केलं: टेबलावरच्या बाकी सगळ्या गोष्टी पुसून तिथे एकाच जनावराचा कळप उभा केला.

‘यु-गी-ओ’ या जपानी खेळाची अडचण आणखी वेगळी. काझुकी ताकाहाशी यांच्या १९९६ साली सुरू झालेल्या चित्रकथेत तीन मिसरी देवांची कार्डं आहेत: ओबेलिस्क, ओसायरिसच्या नावाचा आकाशनाग आणि सर्वांवर रा. (इंग्रजी आवृत्तीत ओसायरिसचा ‘स्लायफर’ झाला, कारण तिथल्या एका निर्मात्याचं आडनाव ते होतं. फ्लेवरचं याहून स्वस्तात कोणी वाटोळं केलं नसेल.) कथेत या कार्डांनी जमीन हादरते. पण ती पुस्तकातली कार्डं. दुकानात विकायची तर? कंपनीने आधी ती ‘खेळात वापरता येणार नाहीत’ असं छापूनच काढली. देवघरात ठेवायची, उतरवायची नाहीत. पुढे २००९ पासून वापरण्याजोग्या आवृत्त्या आल्या. ओबेलिस्कचं निभावलं. रा मात्र हास्यास्पद झाला. आपले तीन राक्षस बळी द्या, मग आपल्या ८००० जीवांपैकी १०० ठेवून बाकी त्याला अर्पण करा, मग तो तेवढा बलवान. आणि समोरच्याकडे एखादं साधं फासाचं कार्ड निघालं की तुम्ही कफल्लक. स्पर्धेत नाव कमावलं ते नंतर आलेल्या त्याच्या गोळारूपाने, जे समोरच्याचेच तीन राक्षस बळी घेऊन त्याच्याच अंगणात उतरतं. सूर्यदेवाला काम मिळालं ते पटांगण झाडायचं. कथेत आधीच अजिंक्य ठरलेल्याला नियमांत बसवताना बहुतेक वेळा असंच होतं: आकडा कापायचा, आणि कापल्याची भरपाई सोपस्कारांनी करायची.

नॉर्स कथांवरच्या ‘काल्डहाइम’मध्ये, २०२१ साली, मॅजिकने शहाणपणा केला. तिथले देव मरू शकतात. ज्यांच्या कथेचा शेवटच देवांच्या मरणात होतो, त्यांना अमरत्व देणं हीच चूक ठरली असती. त्याच संचात लोकीच्या जागी वाल्की आहे. दोन मानाचं कार्ड. उलट्या बाजूला त्याचं सोंग घेतलेला तोतया, सात मानाचा. काही दिवसांतच खेळाडूंच्या लक्षात आलं की फुकटात कार्ड खेळू देणाऱ्या एका जुन्या नियमाला दोन मानाची बाजू दाखवायची आणि सातवाली बाजू खेळायची. दारात वाल्की, घरात तोतया. तो जुना नियमच महिन्याभराच्या आत बदलावा लागला. लबाडीच्या देवाने खेळाच्या कायद्यालाच टोपी घातली, हा फ्लेवर कोणी ठरवून आणला असता तर त्याला बक्षीस द्यायला हवं होतं.

या सगळ्या धडपडीच्या कितीतरी आधी आपल्याकडे एक उत्तर तयार होतं, आणि त्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

गंजिफा हा गोल पानांचा खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगलांच्या कॅटात गुलाम, मुकुट, तलवारी असायच्या. इकडे रुजताना त्याचा दशावतार झाला. दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही ही पानं हाताने रंगवली जातात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला मरू दिली नाही. पान हातात घेतलं की लाखेचा गुळगुळीतपणा बोटाला लागतो आणि कडेची रेघ थोडी वाकडी असते, कारण ती माणसाने ओढलेली असते.

आता नियम पाहा. रंगारंगात लहानमोठं नाही. हुकूमही नाही. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाच्या पानाने हात होतो; दुसऱ्या रंगाचं पान कितीही मोठं असो, ते नुसतं जातं. म्हणजे राम कृष्णाला कधी मारू शकत नाही, नृसिंह वामनाला नाही. देव एकच, रूपं दहा, मग ती आपसात भिडतील कशी? कुठेही न लिहिता हे तत्त्वज्ञान खेळात येऊन बसलं आहे. दुसरी खुबी: दहापैकी पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही, तो कोणाच्या दरबारात उभा आहे यावर त्याची पत ठरते. आणि तिसरी: दिवसा डाव मांडला तर उतारी रामाच्या राजाची, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. राम भर दुपारी जन्मला, कृष्ण मध्यरात्री. कारण तेच असावं असं मला वाटतं. दिवेलागण झाली की देवाची पाळी बदलते, ताकद मात्र कोणाचीच गुंजभरही वाढत नाही.

अर्थात याचीही किंमत आहे. गंजिफात मत्स्याच्या जागी कोंबडा काढला तरी खेळ अडणार नाही. कथा चौकटीत आहे, एकेका पानात नाही. शहरझाद किंवा लाकडी घोडा तिथे संभवत नाही. म्हणून ते उत्तर जसंच्या तसं उचलता येत नाही.

शिवाय आजचा एक पेच तेव्हा नव्हता. झ्यूस स्मशानात गेला, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, तर फारसं कोणी दुखावत नाही. ज्या देवांची आज सकाळीच आरती झाली, त्यांचं काय? २०१२ साली ‘स्माइट’ या संगणकखेळात कालीमाता लढताना दाखवली म्हणून हिंदू संघटनेकडून निषेध झाला. मॅजिकने २०२० मध्ये ‘अरेबियन नाइट्स’मधलं ‘जिहाद’ हे कार्ड इतर काही कार्डांबरोबर आपल्या अधिकृत संग्रहातून काढून टाकलं. २०१६ च्या ‘कलादेश’मध्ये त्यांनी भारताकडून पोशाख घेतले, नक्षी घेतली, कारागिरी घेतली, आणि देवांना हात लावला नाही. त्या दुनियेचं नाव २०२५ च्या संचात ‘आविष्कार’ झालं. ही सावधगिरी मला समजते. तरी मनात येतं, दशावताराची पानं सांडत, उधळत, हरत लोक शतकानुशतकं खेळले. देवाला पत्त्यांत बसवल्याने देव लहान होतो असं त्यांना वाटलेलं दिसत नाही. कदाचित म्हणूनच की त्या पानांवर देवापुढे कोणी ९५ लिहिलं नव्हतं.

लग्नपत्रिकांचा तो कॅट मी गेल्या दिवाळीत पुन्हा करायला घेतला, या वेळी आकड्यांवाचून. महाभारताभोवतीच्या कथांत कार्डं आयती पडलेली आहेत. बर्बरीक: तीन बाण, आणि नेहमी हरणाऱ्या बाजूने लढायचं वचन. म्हणजे दोन्ही सैन्यं संपेपर्यंत बाजू बदलत राहणार. कृष्णाने युद्धाआधीच त्याचं शीर मागून घेतलं. बंदी आलेलं पहिलं कार्ड तेच. भीष्म: मालकाने म्हटल्याशिवाय मरत नाही, पण समोर शिखंडी असेल तर हात उचलत नाही. हनुमान: भीमाला उचलता न आलेलं शेपूट, एवढंच कार्ड, वाटेत पडून राहतं आणि कोणाला हलवता येत नाही. कृष्ण: लढत नाही, दर फेरीला समोरच्याच्या हातातलं एक पान बघतो. मामा असता तर त्याला आवडलं असतं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला वासवी शक्तीने. इंद्राने कर्णाला दिलेली, एकदाच चालणारी. कार्डावर लिहिलं: समोरचा कोणताही एक योद्धा ठार, मग हे कार्ड खेळाबाहेर. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती आणि चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च करावी लागली. पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदाने नाचत होता. म्हणून घटोत्कचाचं कार्ड असं केलं: दर फेरीला समोरचा एक योद्धा खातो, रात्रीच्या फेरीत दोन.

भाची अकरावीत आहे, मोबाइलवर मॅजिक खेळून तयार झालेली. तिने पांडव घेतले, मी कौरव. शक्ती माझ्या हातात दुसऱ्याच फेरीला आली आणि मी ती जपून ठेवली. अर्जुन दिसला की टाकायची. अर्जुन काही येईना. रात्रीची फेरी लागली तेव्हा तिने घटोत्कच टाकला. कृतवर्मा गेला, शल्य गेला. पुढच्या फेरीला आणखी दोन जाणार होते आणि माझ्याकडे चारच उरले होते. मी बराच वेळ विचार केला, चहा गार झाला, आणि शक्ती टाकली. तिने घटोत्कच उचलून बाजूला ठेवला, हातातल्या पानांतून अर्जुन काढून टेबलावर मांडला आणि हसली. पहिल्या वाटपापासून तो तिच्याच हातात होता.